साथीच्या काळात हॉटेल व उपाहारगृहांसाठी सरकारकडे नेमके काय मागावे?

प्रश्न : मसुदाकार

नमस्कार.

हॉटेल, उपाहारगृहे, लॉज आणि केटरिंग या व्यवसायांच्या एका संघटनेसाठी सरकारला द्यायच्या निवेदनाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. साथीमुळे लोकांच्या एकत्र येण्यावर बंधने आली, तर या व्यवसायांना कोणता आधार मिळेल हे साथ येण्यापूर्वीच ठरलेले असावे, असा आमच्या सभासदांचा आग्रह आहे. कोविडच्या काळात जवळजवळ प्रत्येक मागणी बंदीचा आदेश निघाल्यानंतर, घाईघाईत आणि गल्ला रिकामा झाल्यावर केली गेली, त्यामुळे जे पदरात पडेल ते घेण्याशिवाय कोणाकडेच पर्याय उरला नाही.

अडचण अशी आहे की सभासदांमध्येच एकमत नाही. काहींना कमी व्याजाचे कर्ज पुरेसे वाटते. काहींचा सगळा भर करमाफीवर आहे. एक मोठा गट असा आहे की त्याला पैसे नकोतच. त्याचे म्हणणे एवढेच आहे की आम्हाला बंद करू नका, आमचे आम्ही पाहून घेऊ. शिवाय एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जाणार आहे, तो असा की संकटात सगळेच व्यवसाय सापडतात, मग तुमच्यासाठी वेगळी तिजोरी का उघडायची? या प्रश्नाला भावनिक उत्तर द्यायचे नाही, एवढे आम्ही ठरवले आहे.

निवेदनाचा भर कशावर असावा, इतर देशांच्या अनुभवातून काय घ्यावे आणि कोणती मागणी मुळीच करू नये, याबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : हिशेबनीस

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर पक्के झाले की बाकीच्या मागण्या आपोआप रांगेत येतात.

कारखाना दोन महिने बंद राहिला तर तयार माल गोदामात राहतो आणि अडलेली मागणी पुष्कळदा नंतर येते; ज्याला यंत्र घ्यायचे आहे तो ते सहा महिन्यांनी घेतो. हॉटेलची आज रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा विकता येत नाही आणि उपाहारगृहात न आलेला पाहुणा पुढच्या महिन्यात दुप्पट जेवत नाही. या व्यवसायात बुडालेली विक्री ही पुढे ढकललेली विक्री नसते, ती कायमची गेलेली असते. दुसरीकडे भाडे, पगार, विजेचा स्थिर आकार, परवाना शुल्क, विम्याचा हप्ता, कर्जाचे व्याज आणि इमारतीची देखभाल हा खर्च पाहुणा आला नाही म्हणून थांबत नाही. विक्री शून्य आणि खर्च मात्र निम्म्याहून अधिक चालूच, ही अवस्था इतक्या लवकर ज्यांच्यावर येते असे व्यवसाय फार थोडे आहेत, आणि आपला व्यवसाय त्यांतला एक आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मंदीत ग्राहक स्वतःहून खर्च कमी करतो, आणि ती जोखीम व्यावसायिकाने उचलायची असते, हे मला मान्य आहे. साथीत मात्र सरकार आदेश काढून दार बंद करते, आणि ते दार बंद असण्याचा लाभ संपूर्ण समाजाला मिळतो. लाभ सर्वांचा असेल तर त्याची किंमत एकाच क्षेत्राने का भरावी? निवेदनाचा पाया हा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण दया मागत नाही, सार्वजनिक हितासाठी घेतलेल्या निर्णयाच्या खर्चाची न्याय्य वाटणी मागत आहोत.

या क्षेत्राचा आकारही नमूद करा. कोविडच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात निवास व खानपान सेवांमध्ये सुमारे १४ कोटी ४० लाख माणसे काम करीत होती आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत ७० टक्क्यांहून अधिक घटली. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. म्हणजे हा विषय दोन-चार आठवड्यांच्या गैरसोयीचा नव्हता आणि पुढच्या वेळीही तसा असेलच असे धरून चालता येणार नाही.

आता कर्जाविषयी. कर्जाला माझा विरोध नाही, पण पहिली मागणी म्हणून कर्ज मागणे ही मोठी चूक ठरेल. कर्जातून यंत्र घेतले तर ते यंत्र पुढे उत्पन्न देते आणि त्यातून हप्ता फिटतो. बंद हॉटेलचे भाडे भरण्यासाठी घेतलेल्या कर्जातून काहीच उभे राहत नाही; ताळेबंदाच्या एका बाजूला देणे वाढते आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या तोडीची कोणतीही मालमत्ता येत नाही. भारतात मे २०२० मध्ये तीन लाख कोटी रुपयांची आपत्कालीन कर्जहमी योजना आली, तेव्हा आधीच्या कर्जाच्या शिल्लक रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत जादा कर्ज मिळत होते. मार्च २०२१ मध्ये आतिथ्य, प्रवास व पर्यटन या क्षेत्रांसाठी ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेण्यात आली आणि मुद्दल फेडण्याला दोन वर्षांची सवलत मिळाली. २०२२ च्या अर्थसंकल्पात याच योजनेत आणखी ५० हजार कोटींची हमी केवळ आतिथ्य व संबंधित व्यवसायांसाठी राखून ठेवण्यात आली. या योजनेने अनेकांना तात्काळ बुडण्यापासून वाचवले, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पण योजनेची मर्यादा शिल्लक कर्जाच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे, ज्याने कधी बँकेचे कर्जच घेतले नव्हते, जो घरच्या भांडवलावर जपून धंदा करीत होता, त्याच्या वाट्याला तिच्यातून काही येण्यासारखे नव्हते. आणि ज्यांना कर्ज मिळाले त्यांच्यासमोर, व्यवसाय रुळावर येण्याच्या नाजूक काळातच, जुना आणि नवा असे दोन हप्ते उभे राहिले.

करमाफीचेही दोन भाग पाडा. विक्रीवरचा किंवा नफ्यावरचा कर कमी करून बंद दुकानाला काहीच मिळत नाही, कारण जिथे विक्री नाही तिथे तो कर मुळातच नाही. जर्मनीने १ जुलै २०२० पासून उपाहारगृहातील खाद्यपदार्थांवरचा मूल्यवर्धित कर १९ टक्क्यांच्या नेहमीच्या दरावरून सवलतीच्या दरावर (२०२० अखेरपर्यंत ५, त्यानंतर ७ टक्के) आणला आणि ब्रिटनने त्याच महिन्यात आतिथ्य क्षेत्रासाठी तो २० वरून ५ टक्क्यांवर आणला. पुन्हा सुरू झालेल्या व्यवसायाला याचा आधार मिळतो, म्हणून ही मागणी पुनरारंभाच्या टप्प्यात ठेवावी. याउलट मालमत्ता कर आणि परवाना शुल्क विक्री असो वा नसो भरावेच लागते, तेव्हा त्यांची माफी बंदीच्या पहिल्या दिवसापासून मागा. इंग्लंडमध्ये २०२०-२१ या वर्षासाठी किरकोळ विक्री, आतिथ्य व विरंगुळा क्षेत्रांना व्यावसायिक जागांवरचा स्थानिक कर पूर्ण माफ होता. मुदतवाढ आणि माफी यांत मात्र कधीही गल्लत होऊ देऊ नका. कर पुढे ढकलणे म्हणजे बिनव्याजी कर्ज, एवढेच.

मग पहिली मागणी कोणती? माझ्या मते स्थिर खर्चाच्या ठरावीक हिश्शाएवढे थेट अनुदान, आणि तेही बंदीच्या आदेशाशी जोडलेले. ते कसे आखावे याबद्दल पुढे लिहीन, आधी पगाराच्या बाजूने कोणी लिहिले तर बरे होईल.

प्रतिसाद : मनुष्यबळ विभाग

पगाराच्या बाजूने मी लिहिते. या क्षेत्रातील नोकरभरती आणि वेतनाचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि माझी पहिली विनंती अशी की निवेदनात कामगारांचे परिच्छेद शेवटी, दाक्षिण्यापोटी जोडलेले नसावेत. मदत व्यवसायाला मिळाली आणि आचारी, वेटर, खोल्यांची सफाई करणाऱ्या बायका घरी पाठवल्या गेल्या, तर त्या मदतीचे समर्थन कोणालाही करता येणार नाही, आणि आपणही ते करू नये.

वेतनसाहाय्य देण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांतले बारकावे नेमके आपल्याच क्षेत्राला बोचतात. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये जाहीर केलेल्या योजनेत काम थांबलेल्या कर्मचाऱ्याच्या पगाराचा ८० टक्के हिस्सा, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकार देत होते. ती योजना सप्टेंबर २०२१ च्या अखेरीपर्यंत चालली. योजना उदार होती, पण पगार मोजताना ग्राहकाने स्वखुशीने दिलेली टिप धरली जात नव्हती. ज्या वेटरचे निम्मे उत्पन्न टिपेतून येते त्याच्या हाती ८० टक्के कसे पडणार? ऑस्ट्रेलियाने दर पंधरवड्याला माणशी १,५०० डॉलर दिले, परंतु एकाच मालकाकडे बारा महिने न झालेले नैमित्तिक (कायम नसलेले) कामगार आणि बहुतेक तात्पुरत्या व्हिसावरचे कामगार त्यातून वगळले. आपल्या व्यवसायात माणसे किती लवकर बदलतात आणि किती लांबून येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका अटीने किती जण बाहेर पडले असतील याचा अंदाज येईल.

अमेरिकेची पद्धत आणखी वेगळी होती. तिथे छोट्या व्यवसायांना पगारासाठी दिलेले कर्ज अटी पाळल्यास माफ होत असे; सुरुवातीला ते आठ आठवड्यांत आणि मुख्यत्वे पगारावरच खर्च करायचे होते. पण ज्या आठवड्यांत उपाहारगृह उघडताच येत नव्हते, त्याच आठवड्यांत माणसे कामावर ठेवून पैसे संपवायचे आणि दार उघडायची वेळ आली की हात रिकामे, अशी मालकांची कोंडी झाली. जून २०२० मध्ये कायदा बदलून ही मुदत चोवीस आठवड्यांची झाली आणि पगारावर खर्च करायचा किमान हिस्सा ७५ वरून ६० टक्क्यांवर आला. तेव्हा मदतीचा कालावधी बंदीच्या कालावधीशी आणि त्यानंतरच्या काही महिन्यांशी जोडलेला असावा, असे शब्द मसुद्यात हवेत.

मला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती सिंगापूरची योजना. तिथे मालकाने अर्जच करायचा नव्हता. भविष्यनिर्वाह निधीत भरलेल्या रकमेच्या नोंदींवरून सरकारी यंत्रणा हिशेब करून पैसे जमा करीत असे, आणि पर्यटन व निवास क्षेत्राला ७५ टक्के, खानपान सेवांना ५० टक्के आणि सर्वसाधारण व्यवसायांना २५ टक्के असे थर नुकसानीच्या तीव्रतेप्रमाणे लावलेले होते. सर्वच व्यवसायांचे नुकसान सारखे नसते, हे सरकारनेच मान्य केल्याचे हे उदाहरण तुमच्या "आम्हीच का" या प्रश्नालाही उपयोगी पडेल.

मात्र यातली कडू बाजूही लिहिली पाहिजे. नोंदींवर चालणारी मदत नोंदीत नसलेल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. जो मालक निम्म्या माणसांना रोखीने पगार देतो आणि त्यांची कुठेही नोंद करीत नाही, त्याला संकटात त्या माणसांसाठी मदत मागण्याचा नैतिक आधार उरत नाही. संघटनेने सरकारकडे मागणी करताना सभासदांकडूनही काही वचन घ्यावे: प्रत्येक कामगाराची नोंद, बँकेतून पगार, आणि मदत चालू असेपर्यंत कोणालाही कामावरून न काढण्याची अट. ही अट सरकारने लादण्याची वाट न पाहता आपणच लिहून दिली, तर निवेदनाचे वजन कितीतरी वाढेल.

प्रतिसाद : सार्वजनिक आरोग्य

मी या व्यवसायातला नाही, साथरोगांच्या कामातला आहे. मूळ प्रश्नातील एका गटाचे मत वाचून लिहिणे आवश्यक वाटले. "पैसे नकोत, फक्त बंद करू नका" ही मागणी कृपया करू नका.

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगात बंद जागेत, मास्क काढून, समोरासमोर बसून तासभर बोलणे ही सर्वाधिक जोखमीची परिस्थिती असते, आणि उपाहारगृहात नेमके हेच घडते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लक्षणे आल्यावर चाचणी केलेल्या ज्या लोकांना संसर्ग आढळला, त्यांनी आधीच्या दोन आठवड्यांत उपाहारगृहात खाल्ल्याचे सांगण्याची शक्यता संसर्ग न आढळलेल्यांच्या सुमारे दुप्पट होती. अशा अभ्यासाच्या मर्यादा असतात आणि एका अभ्यासावरून कोणाला दोषी धरू नये, पण धोका काल्पनिक नाही. २००३ च्या सार्सच्या साथीत हाँगकाँगमधील एका हॉटेलात उतरलेल्या एका पाहुण्यापासून त्याच मजल्यावरच्या इतरांना लागण झाली आणि त्यांच्याबरोबर तो रोग अनेक देशांत पोहोचला, हे साथरोगशास्त्रात आजही शिकवले जाते.

मदत चुकीच्या दिशेने गेली तर काय होते, त्याचेही उदाहरण आहे. ब्रिटन सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये सोमवार ते बुधवार उपाहारगृहात बसून खाणाऱ्यांना बिलात निम्मी सूट, माणशी १० पौंडांपर्यंत, दिली आणि त्यावर सुमारे ८५ कोटी पौंड खर्च केले. वॉरिक विद्यापीठातील संशोधनाने या योजनेचा संबंध संसर्गाचे नवे पुंजके वाढण्याशी जोडला. लसही आलेली नसताना लोकांना बंद जागेत गर्दी करण्यासाठी सरकारी पैसा खर्च झाला, आणि पुढे त्याच व्यवसायांना पुन्हा टाळे लावावे लागले.

आमच्या बाजूने पाहिले तर मालकाला दिलेले अनुदान हेच साथनियंत्रणाचे साधन आहे. भाडे आणि पगार सुटण्याची खात्री असलेला मालक नियम पाळतो, आजारी कर्मचाऱ्याला घरी थांबायला सांगतो. ज्याला दिवसाचा गल्ला न झाल्यास संध्याकाळी सावकाराकडे जावे लागणार आहे, तो मागचे दार उघडे ठेवतो, आणि त्याला दोष देणे मला तरी जमत नाही. म्हणून निवेदनात लिहा की पुरेसा आधार दिल्यास बंदी पाळली जाईल आणि ती लवकर उठवता येईल. हा युक्तिवाद आरोग्य खाते तुमच्या बाजूने अर्थ खात्यापुढे मांडू शकेल.

आणखी एक मागणी जोडा: शांततेच्या काळात हवेशीर व्यवस्थेसाठी साहाय्य. ताजी हवा आत आणणारी यंत्रणा, चांगले फिल्टर, उघड्यावर टेबले मांडण्याची सुलभ परवानगी यांवर झालेला खर्च पुढच्या साथीत बंदीचा काळ कमी करू शकतो. तसेच रिकाम्या खोल्यांचा सार्वजनिक उपयोग सुचवा. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२० पासून बेघर लोकांना विलगीकरणासाठी हॉटेलांच्या खोल्यांत ठेवले, आणि त्याच राज्यात घराबाहेर न पडू शकणाऱ्या वृद्धांना उपाहारगृहांतून शिजवलेले जेवण पोहोचवण्याचा कार्यक्रमही चालला. अशा कामात सरकार ग्राहक होते, कर्मचाऱ्यांना काम मिळते आणि समाजाची गरजही भागते. कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने आणि प्रशिक्षण देण्याची अट मात्र करारातच असली पाहिजे.

मसुदाकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. "बंद करू नका" ही मागणी वगळण्याबद्दल मी सभासदांशी बोलेन. आरोग्याच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद त्यांच्यापर्यंत याच शब्दांत पोहोचवायला हवा, असे वाटते.

दोन गोष्टी राहिल्या. बहुतेक सभासदांची जागा भाड्याची आहे, आणि अनेकांच्या मते त्यांचा धंदा पगारामुळे नव्हे तर भाड्यामुळे बुडाला. दुसरे असे की विम्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरूनही काही हाती आले नाही, याचा संताप मोठा आहे. या दोन्हींबद्दल सरकारकडे काही मागता येते का?

प्रतिसाद : करारनामे

भाड्याबाबत कॅनडाचा अनुभव निवेदनात अवश्य द्या, कारण तिथे एकाच सरकारने आधी चुकीची आणि मग योग्य योजना केली. २०२० च्या वसंतात आलेल्या पहिल्या योजनेत सरकार निम्मे भाडे उचलत होते, भाडेकरूने जास्तीत जास्त पाव हिस्सा द्यायचा आणि घरमालकाने किमान पाव हिस्सा सोडायचा, अशी वाटणी होती. कागदावर ती अगदी न्याय्य दिसते. पण अर्ज घरमालकाने करायचा होता, आणि पुष्कळ घरमालकांनी तो केलाच नाही; भाडेकरू पात्र असूनही हात चोळत बसला. सप्टेंबर २०२० च्या अखेरपासून लागू झालेल्या दुसऱ्या योजनेत पैसे थेट भाडेकरूला मिळू लागले, विक्रीतील घटीनुसार भाड्याच्या ६५ टक्क्यांपर्यंत, आणि सरकारी आदेशाने बंद झालेल्या जागेसाठी त्यावर आणखी २५ टक्के. यातून घ्यायचा धडा एकच: अर्जाचा अधिकार भाडेकरूच्या हाती असला पाहिजे.

नुसती "भाडे न भरल्यास काही महिने जागा खाली करून घेऊ नये" ही मनाई मागू नका, किंवा मागितलीच तर एकटी मागू नका. मनाई उठली की साचलेली थकबाकी एकदम अंगावर येते. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये ठरवलेल्या आचारसंहितेत विक्री जितकी घटली त्या प्रमाणात भाडे कमी करायचे आणि त्यांतला किमान निम्मा भाग कायमचा माफ करायचा, उरलेला पुढे हप्त्यांनी घ्यायचा, असे तत्त्व होते. कमी केलेले भाडे, माफ झालेला भाग आणि पुढे ढकललेला भाग हे तीन आकडे वेगळे लिहिलेले असले की नंतर तंटे कमी होतात.

विम्याबद्दल: व्यवसायखंडाचा, म्हणजे धंदा बंद पडल्याने बुडणाऱ्या उत्पन्नाचा, बहुतेक विमा आग, पूर अशा प्रत्यक्ष हानीशी जोडलेला असतो. साथीत भिंतही पडत नाही आणि छतही जळत नाही, म्हणून दावा फेटाळला जातो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२१ रोजी दिलेल्या निकालात, ज्या पॉलिसींमध्ये सूचनीय रोग (ज्याची खबर सरकारला देणे कायद्याने बंधनकारक असते असा रोग) किंवा सरकारी मनाई यांची स्वतंत्र कलमे होती त्यांच्या बाबतीत बव्हंशी विमाधारकांच्या बाजूने कौल दिला. पण अशी कलमे मुळात थोड्याच पॉलिसींत होती. साथ एकाच वेळी सर्वांना गाठत असल्याने खासगी विमा कंपन्या हा धोका एकट्याने पेलणार नाहीत. दहशतवादी हल्ल्यांच्या नुकसानीसाठी ब्रिटनमध्ये १९९३ पासून सरकारच्या पाठबळावर पुनर्विमा निधी, म्हणजे विमा कंपन्यांच्याच जोखमीचा विमा उतरवणारा निधी, चालतो. तशाच धर्तीवर साथींसाठी निधी मागणे योग्य आहे, आणि त्यात व्यावसायिकांनीही दरवर्षी थोडा हप्ता भरण्याची तयारी दाखवावी. हे काम काही वर्षांचे आहे, तातडीच्या मदतीला तो पर्याय नाही, हे मसुद्यात स्पष्ट असू द्या.

प्रतिसाद : हिशेबनीस

राहिलेला आराखड्याचा भाग लिहितो.

पैसा किती यापेक्षा तो कधी आणि कशावरून सुरू होतो, यावर सर्वाधिक मेहनत घ्या. आयर्लंडची ऑक्टोबर २०२० ची योजना मला नमुन्यादाखल सर्वांत जवळची वाटते. सरकारी निर्बंधांमुळे ग्राहकाला आत येण्यास मनाई झाली की व्यवसाय पात्र ठरत असे. २०१९ च्या सरासरी साप्ताहिक उलाढालीच्या पहिल्या २० हजार युरोंवर १० टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के, आठवड्याला कमाल ५ हजार युरो, असे सूत्र होते आणि काम महसूल खात्याकडे होते. छोट्याला प्रमाणाने जास्त, मोठ्याला मर्यादा, आणि कोणत्याही समितीच्या मर्जीवर काही अवलंबून नाही.

जर्मनीने नोव्हेंबर २०२० च्या बंदीसाठी आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमधील विक्रीच्या तब्बल ७५ टक्के देऊ केले होते. घोषणा इतकी मोठी, पण पूर्ण रक्कम वाटण्याची यंत्रणाच तयार नसल्यामुळे अनेकांना आगाऊ हप्त्यावर भागवावे लागले आणि उरलेले पैसे जानेवारीपासून पुढे सुटू लागले. या क्षेत्रात बहुतेकांकडे दोन-तीन महिने तग धरण्याएवढीही शिल्लक नसते; उशिरा आलेला पैसा पुष्कळदा धंदा बंद झाल्यावर येतो.

अमेरिकेचा उपाहारगृह पुनरुज्जीवन निधी हा तिसरा धडा. २,८६० कोटी डॉलरच्या या निधीसाठी २ लाख ७८ हजारांहून अधिक अर्ज आले, त्यांची एकूण मागणी ७,२०० कोटी डॉलरच्या वर गेली आणि सुमारे एक लाख अर्जदारांना पैसे मिळाल्यावर निधी संपला. उरलेल्यांसाठी भर घालण्याचा प्रस्ताव मे २०२२ मध्ये सिनेटमध्ये अडला. एकाच रस्त्यावरच्या दोन उपाहारगृहांपैकी एकाला अनुदान आणि दुसऱ्याला नकार, यातून मदत न देण्याहून वेगळा पण तितकाच गंभीर अन्याय होतो. ठरावीक रकमेचा, "आधी येईल त्याला" तत्त्वावरचा निधी मागू नका. सर्वांना लागू होणारे सूत्र मागा, मग दर थोडा कमी असला तरी चालेल.

एक पळवाट आत्ताच बंद करून ठेवा. ब्रिटनमध्ये १६ मार्च २०२० रोजी लोकांना पब आणि उपाहारगृहे टाळण्यास सांगण्यात आले, पण बंदीचा आदेश निघाला २० मार्चला. मधल्या दिवसांत ग्राहक गेला होता आणि दार मात्र कायद्याने उघडेच होते. डिसेंबर २०२१ मध्ये इंग्लंडात पुन्हा तेच झाले, बंदी नव्हती पण सावधगिरीच्या सल्ल्यामुळे सणासुदीची आरक्षणे धडाधड रद्द झाली. शेवटी प्रत्येक जागेमागे ६ हजार पौंडांपर्यंत अनुदान जाहीर करावे लागले. म्हणून मदत सुरू होण्याची अट "बंदीचा आदेश किंवा लोकांना दूर राहण्याचा अधिकृत सल्ला, आणि विक्रीतील ठरावीक घट" अशा शब्दांत लिहा.

गैरवापराची शंका सरकार काढणारच, आणि ती रास्त आहे. ब्रिटनमध्ये सरकारच्या शंभर टक्के हमीची कर्जे किमान तपासणीवर वाटली गेली, तेव्हा मोठ्या प्रमाणावर फसवणूक झाली. आपण स्वतःहून सुचवावे की अनुदान आधीच्या करविवरणांतील विक्रीवरच मोजावे, लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करावी, वर्षअखेरीस ज्याचे नुकसान अपेक्षेपेक्षा कमी निघेल त्याने फरक परत करावा, आणि अनुदान चालू असताना मालकांनी नफा वाटून घेऊ नये. माझ्या ओळखीच्या काही व्यावसायिकांना शेवटच्या दोन अटी जाचक वाटतात. मला त्या पूर्ण न्याय्य वाटतात. करदात्याचा पैसा घेताना एवढे बंधन पत्करलेच पाहिजे.

मनुष्यबळ विभागाने नोंदींबद्दल लिहिले आहे त्याला जोडून: निवेदन सरकारकडे जाण्याची वाट न पाहता सभासदांना आजच एक परिपत्रक पाठवा. मागील तीन वर्षांची महिनावार विक्री, पगारपत्रके, नोंदणीकृत भाडेकरार, विजेची बिले आणि विमा पॉलिसीची सगळी पाने प्रत्येकाने एका जागी काढून ठेवावीत. नाशवंत मालाचा साठा दर आठवड्याला तारखेसह नोंदवण्याची सवयही लावावी, कारण एका रात्रीत बंदी आली की शीतगृहातला माल फेकावा लागतो आणि त्याची भरपाई मागायला कागद नसतो. मसुद्यात या मालासाठी वेगळे कलम ठेवा आणि शक्य असल्यास बंदीपूर्वी किमान ४८ तासांची सूचना मागा. आरोग्याच्या बाजूने ते शक्य नसेल तिथे मालाची खरेदी किंमत भरून मिळावी, असा पर्यायी मजकूर त्याच कलमात द्यावा.